हिरव्या टेकडीमागचं भांडण

मामा, परवा मी भरसभेत तुझी बाजू घेतली. तू समोर असतास तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतंस, "बाय, अंगात ताप हाय का गो?"

ज्या गोष्टीवरून मी तुझ्याशी दोन वर्षं भांडले, तीच गोष्ट मी देवळाच्या मंडपात उभी राहून तुझ्या वतीने मांडली. तुझं दहावं नुकतंच झालं होतं. मामी अजून कुणाशी धड बोलत नव्हती, शेजारच्या घरांतून पिठलं-भात येत होता, आणि तुझी चप्पल दारात तशीच होती. मला खरं तर रडायचं होतं. पण आपल्या दोघांच्या नशिबात आधी भांडण लिहिलेलं असतं.

सुरुवात तुझ्या फोनने झाली होती. मानकोलीच्या ज्या गोदामात तू आवक-जावकीच्या नोंदी करायचास, तिथे नवीन कॉम्प्युटर आले होते. जुने एका कोपऱ्यात रचून ठेवले होते, भंगारात जायला. बिघडले म्हणून नव्हे. चालत होते चांगले. पण त्यांच्यावरच्या विंडोजची मुदत संपली होती आणि नवीन विंडोज त्या मशीनवर चढायला तयार नव्हतं. तू मॅनेजरकडे शब्द टाकलास, टेम्पो केलास, आणि ते सगळे आपल्या गावात, राहनाळला, देवळामागच्या बंद पडलेल्या व्यायामशाळेत आणून उतरवलेस. मग मला फोन. गावातल्या पोरींना आणि सुनांना शिकवायचं म्हणालास. शेतांवर गोदामं उभी राहिली, भाडं पुरुषांच्या हातात आलं, आणि बायकांच्या हातात काहीच राहिलं नाही. निदान त्याच गोदामांच्या ऑफिसात खुर्ची तरी मिळू दे. मी म्हटलं, मग अडचण काय? तू म्हणालास, भिवंडीतला एक जण चोरीचं विंडोज टाकून द्यायला तयार आहे.

"पण मना चोरीचं नको," तू म्हणालास. "खोलीची भिंत मारुतीच्या भिंतीला लागून हाय."

मामा, ते वाक्य ऐकून मला काय झालं होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही. मी बाबांच्या पत्रकांवर वाढलेली पोरगी. शाळेतून आल्यावर इतर मुली खेळायच्या, मी जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचे. शाईचा वास अजून बोटांना येतो असं वाटतं. लूम कामगारांची पत्रकं, पाण्याची पत्रकं, रात्रपाळीची पत्रकं. तू बाबांना चिडवायचास, "तू कागद वाटत राहिलास, आन लूम भंगारात किलोवर गेल्या." बाबा हसायचे. मी नाही हसायचे. मोठी होऊन मी स्वतःचं पत्रक काढलं, कुणीही फुकट वापरावं, बदलावं, वाटावं अशा मुक्त सॉफ्टवेअरवर. स्टँडसमोर उभं राहून वाटलं. लोकांनी त्यात शेंगदाणे गुंडाळले. आणि इथे माझा मामा, ज्याने ते पत्रक वाचलंही नाही असं मी धरून चालले होते, चोरीचं नको म्हणत होता आणि देवाची भिंत पुढे करत होता. मी रविवारी पहिली बस पकडून आले.

पेन ड्राइव्ह लावण्याआधी तू माझा हात धरलास. मशीनमधलं काही जाणार नाही ना, असं विचारलंस. मी सांगितलं, हे लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारं मुक्त सॉफ्टवेअर, आधी नुसतं पेन ड्राइव्हवरूनच चालू होतं, आतल्या कशाला हात लावत नाही. आवडलं तर बसवायचं, नाही तर काढून घ्यायचं.

"म्हंजे कालवनाची चव तळव्यावर घेऊन बघायची," तू म्हणालास.

इतक्या वर्षांत लिनक्सचं ते रूप मला कुणालाही इतकं नीट समजावता आलेलं नाही. मी पुढे तुझं वाक्य दहा ठिकाणी वापरलं आणि तुझं नाव एकदाही घेतलं नाही. पत्रकवाल्यांची ही जुनी खोड.

तो दिवस आपला किती छान गेला रे. तू सायकलच्या पंपाने कॅबिनेटमधली धूळ उडवत होतास, मी एकेका मशीनवर लिनक्स चढवत होते. मामीने तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी पाठवली, ती आपण कीबोर्डशेजारीच खाल्ली. ज्या मशीनला मूळ विंडोजवर चालू व्हायला चहा होऊन जायचा, ते आता झटक्यात उठत होतं. तू पुन्हा पुन्हा बंद-चालू करून बघत होतास. मग प्रिंटर जोडला आणि तो ढिम्म. मी घामाघूम. तू कागद हातात धरून प्रिंटरसमोर उभा, आणि शांतपणे म्हणालास, "बाय, तुझं स्वातंत्र्य छापत न्हाय."

पुढच्या खेपेला छापलं. पण ते वाक्य तू मला कायम ऐकवलंस. मीटिंगमध्ये माझा माइक बंद पडला तरी ऐकवलंस.

आणि त्याच पुढच्या खेपेला मी दारातच थबकले. सगळ्या पडद्यांवर विंडोजवरची तीच ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. खाली डाव्या कोपऱ्यात ते बटण. चित्रं तीच, रंग तेच, फोल्डर पिवळे. तू आठवडाभर बसून, कुठून कुठून शिकून, लिनक्सला नखशिखांत विंडोजचे कपडे चढवले होतेस. इतकं हुबेहूब, की क्षणभर मला वाटलं तू शेवटी त्या भिवंडीवाल्याला बोलावलंस.

मी भडकले. आठवतं ना? शिकायला आलेली सुरेखाताई, तिची जाऊ आणि तीन-चार पोरी समोर बसलेल्या, म्हणून मी तुला व्हरांड्यात नेऊन बोलले, तरी ते आत सगळं ऐकू गेलं असणार. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. लोकांना आपण काय वापरतो तेच माहीत नसेल तर कसली मुक्ती? गुलामाच्या बेड्या काढायच्या आणि वर बेड्यांचं चित्र रंगवायचं? तू कठड्याला टेकून ऐकत राहिलास. मग म्हणालास की गोदामातला सुपरवायझर मुलाखतीत एकच विचारतो, विंडोज येतं का. घरातला सासराही तेच विचारतो. लिनक्स शिकते म्हटलं तर तो म्हणेल, हे कुठलं भलतंच, घरी बस. तुझ्या पत्रकासाठी पोरींची खुर्ची घालवू का?

मी म्हटलं, खुर्ची खोटं बोलून मिळवायची का?

तू म्हणालास, "खुर्ची मिळू दे. मंग खरं बोलायला बसायला जागा तरी व्हईल."

माझ्याकडे उत्तर होतं. अजून आहे. पण बस निघायची वेळ झाली.

मग ते दर रविवारचं झालं. मी यायचे, तू व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडून ठेवलेल्या असायच्या, मी पिशवी ठेवायच्या आधी सुरू व्हायचे. एकदा नाखव्यांच्या घरच्या हळदीचे फोटो एका पेन ड्राइव्हमधून गायब झाले. भिवंडीतल्या दुकानात लावला की नुसते शॉर्टकटचे बाण दिसायचे, फोटो एकही उघडायचा नाही. आत व्हायरस शिरला होता. अख्खं घर रडकुंडीला. तुझ्या खोलीत तो लावला आणि सगळे फोटो जागच्या जागी, लपवलेल्या फोल्डरसकट उघडे पडले, कारण त्या व्हायरसचं इथे काही चालतच नव्हतं. गाव तुला नाना म्हणायचं; गावभर झालं, नानाच्या विंडोजला व्हायरस लागत न्हाय. नानाचं विंडोज! मी डोक्याला हात लावला. लिनक्सचा एवढा मोठा पुरावा आणि त्याचं श्रेय तू खुशाल दुसऱ्याच्या नावावर टाकलंस. मी म्हटलं, आज तरी सांग. आज गाव ऐकेल. तू म्हणालास, आज गाव हळदीचे फोटो बघतंय, बघू दे.

मी बोलायला लागले की आत बसलेल्या बायका पडद्यांसमोर माना खाली घालायच्या. मला वाटायचं, संकोचतात. मोठ्या आवाजाची सवय नाही, बिचाऱ्या.

हे "बिचाऱ्या" लक्षात ठेव मामा, त्याच्याकडे परत यायचंय.

सुरेखाताईला मानकोलीला नोकरी लागली तेव्हा तू मला पेढा देताना नुसता बघत राहिलास. मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, तरीही. तू म्हणालास, "व्हय, तरीपन." आणि दोघंही हसलो. आपलं भांडण समेटाच्या सगळ्यात जवळ आलं ते तेव्हाच. त्यानंतर दिवाळी झाली, थंडी गेली, आणि एका मंगळवारी मामीचा फोन आला. रविवार नव्हता, तेव्हाच कळायला हवं होतं.

आता सभेचं सांगते.

काशिनाथ शेठना तू ओळखतोसच. गाव समितीचे अध्यक्ष, तीन गोदामांचे मालक, आणि व्यायामशाळेच्या त्या खोलीवर पहिल्यापासून डोळा. एका ठेकेदाराला माल ठेवायला ती भाड्याने हवी आहे हे तूच मला सांगितलं होतंस. तू होतास तोवर ते गप्प होते. दहावं झालं आणि त्यांनी सभा लावली, विषय: संगणक खोलीचं पुढे काय. सभेआधीच भिवंडीहून एका मेकॅनिकला आणून मशीन तपासून घेतली होती. त्याला मंडपात उभं केलं. तो बिचारा सरळ माणूस, जे दिसलं ते बोलला, "शेठ, ये विंडोज है ही नहीं. ऊपर से डिझाइन लगाया है, अंदर लिनक्स है."

मंडपात कुजबुज उठली. शेठ उठले. म्हणाले, नाना आमचा माणूस होता, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण दोन वर्षं आमच्या आया-बहिणींना विंडोज म्हणून भलतंच शिकवलं गेलं. ही फसवणूक न्हाय तर काय? खोली बंद करा, पुढे कुणी देणगीदार मिळाला तर नवीन मशीन बघू. आणि मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. खोलीच्या ड्रॉवरमध्ये सापडला म्हणाले. चष्मा लावून मोठ्याने वाचला: "आपण जे वापरतो त्याचं नावही आपल्याला माहीत नसणं, ही गुलामीची पहिली पायरी."

माझं पत्रक, मामा. तू ते जपून ठेवलं होतंस. शेंगदाण्याचा एक डाग नव्हता त्यावर.

मी उठून उभी राहिले. मी म्हटलं, ती ओळ माझी आहे. शेठ म्हणाले, मग तर झालंच, भाचीच सांगते. आणि खरोखर झालंच होतं रे. मी दोन वर्षं जे म्हणत होते ते हा माणूस माझ्याच शब्दांत म्हणत होता, आणि त्याला दाराला कुलूप लावायचं होतं. तिथे पहिल्यांदा मला दिसलं की तीच ओळ कुणाच्या तोंडात आहे यावर ती काय करते ते ठरतं. मी म्हटलं, ओळ माझी आहे आणि मी ती मागे घेत नाही. पण माझ्या मामाने नाव झाकलं, किल्ली नाही झाकली. कुणाला आत जायला त्याने अडवलं नाही, कुणाच्या मशीनची मुदत ठरवली नाही, चोरी केली नाही, मारुतीच्या भिंतीला लागून खोटा धंदा केला नाही. जी मशीन भंगारात चालली होती ती त्याने चालती केली. दार उघडं ठेवणाऱ्याला फसवणारा म्हणायचं आणि दार बंद करणाऱ्याला काय म्हणायचं?

चांगलं बोलले मी. तुला आवडलं असतं. पण मला कळत होतं की हे पुरेसं नाही. कारण प्रश्न फसवल्याचा होता, आणि फसवल्या गेलेल्या बायका समोर बसल्या होत्या.

तेव्हा सुरेखाताई उठली. कामावरून थेट आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. शेठना म्हणाली, "बसा शेठ. आमाला पयल्या दिसापासून म्हायती हाय."

शेठ म्हणाले, काय माहीत आहे?

"ते लिनक्स हाय ते. नानाने पयल्याच दिवशी सांगितला. नाव सांगितला, कसा चालतो ते सांगितला, आन त्याच्या लॅपटॉपवर खरा विंडोजपन दाखवला, फरक कलावा म्हनून. मना दोन्ही येतं. मुलाखतीत विचारला विंडोज येतं का, मी बोलले येतं. खोटा बोलले काय?"

कुणीतरी मागून विचारलं, मग वरचं ते सोंग कशाला?

सुरेखाताईची जाऊ बसल्या जागेवरून म्हणाली, "ते दारातनं डोकावनाऱ्या बाप्यांसाठी व्हता."

मंडपातल्या सगळ्या बायका हसल्या, मामा. दहावं होऊन इतके कमी दिवस झालेले, मामी आतल्या बाजूला बसलेली, आणि मामीसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. शेठ म्हणाले, बघू पुढच्या सभेला. म्हणजे ठेकेदाराला ते पुन्हा आणणार. पण खोलीची किल्ली त्यांनी मागितली नाही, आणि ती आता सुरेखाताईच्या कमरेला आहे.

मी हसले नाही. मी खाली बसले. मला आपला व्हरांडा दिसत होता, मी हातवारे करत सांगतेय की लोकांना सत्य सांग, आणि आत माना खाली घालून बसलेल्या त्या "बिचाऱ्या". खुदूखुदू हसत होत्या रे त्या. मला दिवाळी आठवली. खोलीच्या दारात कुणीतरी काळ्या-पांढऱ्या रंगाची रांगोळी काढली होती, पिवळी चोच, पिवळे पाय, आणि मी विचारलं हे काय, तर तू गंभीरपणे म्हणालास, बदक. मी म्हटलं, पोट जरा मोठं झालंय. तू म्हणालास, दिवाळीचं खाल्लंय. लिनक्सचं चिन्ह, तो पेंग्विन, मामा! माझ्या बॅगेवर, माझ्या पत्रकावर, माझ्या पेन ड्राइव्हवर जो पेंग्विन होता तो तुझ्या दारात रांगोळीत उभा होता आणि मी त्याला ओलांडून आत येऊन तुला सांगत होते की या बायकांना काही माहीत नाही.

काशिनाथ शेठ आणि मी, दोघांनीही त्यांना न विचारताच ठरवून टाकलं होतं की त्यांना माहीत नाही. हे मला फार लागलंय. पुढचं पत्रक त्याच्यावर लिहीन. तू ते ड्रॉवरमध्ये ठेवायला नसशील.

सभेनंतर सुरेखाताई मला नाक्यावर रिक्षापर्यंत सोडायला आली. गोदामांचे ट्रक वळत होते, धूळ उडत होती. मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंत? दोन वर्षं! एकीच्याही तोंडून निसटलं कसं नाही?

तिने हात करून एक रिक्षा थांबवली. मग म्हणाली, नानाने शपथ घातली होती. मी म्हटलं, कसली शपथ?

"नाना बोलायचा, तिला सांगू नका. ती भांडाया येते. भांडान मिटला का यायची बंद व्हईल."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी आत बसले.

मामा, तुझ्या त्या दोन खुर्च्या. दर रविवारी माझ्या आधी मांडलेल्या. मला वाटायचं, तू उत्तराची तयारी करून बसलायस. तू फक्त मी येण्याची तयारी करून बसायचास. पहिल्याच दिवशी माझं म्हणणं मान्य करून मोकळा झाला होतास, आणि तरी दोन वर्षं माझ्यासमोर हरलेली बाजू लढवत राहिलास, तीही इतकी चांगली की मी दर शनिवारी नवीन मुद्दे लिहून काढायचे.

खोलीतल्या टेकडीचं काय करायचं ते मी बायकांना विचारलं. या खेपेला विचारलं. अर्ध्या म्हणतात काढा, आता लपवायचं काय. अर्ध्या म्हणतात राहू दे, काशिनाथ शेठ अजून डोकावतात. दिघाशीहून नवीन आलेल्या एका पोरीने, जिने तुला पाहिलंही नाही, माझ्याशी वाद घातला की टेकडी छान दिसते, तुम्हाला तिचा एवढा त्रास का होतो. मी तिला उत्तर द्यायला व्हरांड्यात घेऊन गेले. सुरेखाताईने न सांगता दोन खुर्च्या मांडल्या.

मी जिंकले होते, हे तू मला कळू दिलं नाहीस. त्यावर मी तुझ्याशी भांडणारच आहे, सोडणार नाही. पण आधी एक सांगायचं राहिलं, ते सांगते.

भांडण नसतं तरी मी आले असते रे.